तीन वेळा भादरलेला गुडघा

दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी गुडघे भादरायचं काम वॉर्डात एकाच माणसाकडे होतं. सगळे त्याला ‘कारागीर’ म्हणत. दिवसाला सहा-सात गुडघे. हात इतका साफ, की डॉक्टरांनी आजवर एकही गुडघा परत पाठवला नव्हता.

त्या दिवशी पहिला गुडघा त्याच्या सख्ख्या दाजींचा होता. सांध्यातली फाटलेली गादी अडकून बसल्यामुळे पाय तीन आठवडे वाकडाच. आज झालं नाही तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर दाजींची बस दुसरा कुणीतरी चालवणार आणि दाजी घरी बसून ताईला चालवणार.

सातला त्याने मशीन फिरवली. कातडी गुळगुळीत.

आठला पाहिलं तर बोटभर केस.

“दाजी, हे काय?”

“मला काय विचारता, मेव्हणेबुवा? कामचुकार तुम्ही!”

पुन्हा भादरला. नऊला वीतभर केस. मऊ, करडे, ओलसर. मधोमध भांग पाडलेला. खवट तेलाचा वास येत होता, कुणाच्या तरी न धुतलेल्या उशीसारखा. मशीनच्या दात्यांत गुंता अडकला. तो बोटांनी उपसताना त्याला कळलं, केस कोमट आहेत.

सांगितलं तर ऑपरेशन रद्द. दारात ताई उभी होती.

“झालं ना रे नीट?”

“चकाचक.”

तिसऱ्यांदा भादरून त्याने केस कचऱ्याच्या पिशवीत कोंबले, कागदावर ‘त्वचा स्वच्छ’ लिहिलं आणि दाजींना आत ढकललं.

ऑपरेशन उत्तम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या फेरीआधी पट्टी सोडायला तोच गेला. दाजींनी पाय ऐटीत सरळ करून दाखवला. ताईने डोळे पुसले. गुडघ्यावर एकही केस नव्हता. दोन बारीक छिद्रं, प्रत्येकी एक टाका.

डाव्याचा दोरा काळा होता.

उजव्याचा करडा. तीन पेडांचा.

त्याने चिमट्याने टोक धरलं. ओढलं. इंचभर आलं. मग वीतभर. ओलं.

“गुदगुल्या होतायत हो,” दाजी हसले.

त्याने सोडलं.

वेणी सावकाश आत गेली, ओठांनी ओढून घ्यावी तशी.

“जखम कशी आहे रे?” ताईने विचारलं.

त्याने पेन उघडलं. ‘कोरडी, स्वच्छ.’

गुडघ्याने आवंढा गिळला.