अकरा कोरी बोटं

“परवा अकरा मोजली होती, अनंतराव. आजही अकराच आहेत. पण ती ही मुलं नव्हेत हो!”

अंधेरीच्या त्या लहानशा ऑफिसात क्षमा समर्थ उभ्या उभ्याच बोलत होती. खासगी गुप्तहेर अनंत राजाध्यक्षांनी तिला बळेच खुर्चीत बसवलं.

१९५३ साली निराधार मुलांची सरकारी मोजणी चालू होती आणि क्षमा त्यात मोजणीदार होती. जोगेश्वरीच्या लेण्यांत राहणाऱ्या अकरा पोरांच्या बोटांना क्षमानं मतदानाची, न पुसणारी शाई लावली होती. आज पुन्हा मोजायचं आणि शाईची किती, बिनशाईची किती, यावरून नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज बांधायचा. पण आज सगळी बोटं कोरी!

“तीन वाजता बालगृहाची गाडी त्यांना न्यायला येणार आहे. कुणीतरी पोरं पळवली, आणि खूण मीच करून दिली. माझं तर धाबं दणाणलंय.”

दोघं लेण्यांपाशी पोचली, तर तिथला राखणदार गुणाजी वैतागलेलाच होता. “पोरं ती पोरं, बाई. तोंडं बघत बसायला मला वेळ कुठाय?”

“इथं कोण येतं?” अनंतरावांनी विचारलं.

“वेसाव्याची मासळीवाली कृष्णाबाई. उरलंसुरलं खायला घालते त्यांना.”

अनंतरावांनी पोरांना पाव वाटले. धाकट्यानं अर्धा खाऊन टाकून दिला. सगळ्यांच्या डोक्याला चापून तेल, भांगसुद्धा सरळ. मेली निदान स्वच्छ तरी आहेत, एवढंच क्षमाच्या मनात आलं.

वेसाव्याला कृष्णाबाई बोंबील वाळत घालत होती. चुलीवर भलंमोठं भाताचं पातेलं रटरटत होतं.

“मना काय म्हाईत?” तिनं मान वर केली नाही.

“एवढा भात कुणाला?”

“घरात मानसं हायत.”

अनंतरावांनी सुन्या अंगणावर आणि कडेच्या, जाळी ठेवायच्या खोपीवर नजर फिरवली. “क्षमाताई, ज्याला आई नाही त्याचा भांग कोण पाडणार? उपाशी पोर पाव टाकेल? लेण्यांत बसलीत ती घरची मुलं. आणि इथं भात पंगतीचा, पण अंगणात पोर एकही नाही. कृष्णाबाई, तुमच्या वाड्यातली पोरं तिकडे बसवलीत आणि ती अकरा या जाळ्यांच्या खोपीत लपवलीत. खरं ना?”

कृष्णाबाईनं हातातला बोंबील खाली ठेवला. “मागल्या साली बी असंच मोजलं. दुसरे दिशी गाडी आली. भाऊ एकीकडं नेला, भैन एकीकडं. शाई बगितली नि समजली, परत गाडी येनार. आकडा जुळला तर कोन शोधनार नाय, म्हून आमची बसवली. मोजून झालं की सांजला परत आननार होते.”

क्षमानं घड्याळ बघितलं. “अहो, पण गाडी आजच येतेय! तुमची नेतील!”

टॅक्सी करून तिघं लेण्यांपाशी पोचली तेव्हा गाडी दारातच उभी होती. गाडीबरोबरच्या हवालदारानं धाकट्याचं मनगट धरलं होतं आणि तो “आजी!” म्हणून टाहो फोडत होता.

क्षमा आडवी आली. “सोडा त्याला! ही घरची मुलं आहेत.”

“मग यादीतली अकरा कुठायत?”

कृष्णाबाईचा नातू हवालदाराच्या हातात होता. एक शब्द बोलली असती तर तो सुटला असता. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

“ती नाहीतच,” क्षमा म्हणाली. “मी घरी बसून यादी भरली.”

अनंतरावांनी तोंड फिरवलं.

“लिहून द्या तसं, मग सोडतो यांना,” हवालदार म्हणाला. “नोकरी जाईल, बाई.”

क्षमानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, ‘खोटी मोजणी केली’ असं लिहिलं आणि खाली सही केली.