कंसातला आवाज

मला वाटलं होतं, शाळेत काहीच नसेल. चार वर्षं दूरच्या विद्यापीठात बधिर मुलांसाठी कॅप्शन लिहायला शिकून मी परत आले, तेव्हा डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. शिक्षिका पडद्यावर बोलतेय, मुलं तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघतायत आणि कुणालाच काही कळत नाहीये. मग मी येणार, पडद्याखाली ओळी उमटणार, मुलांचे चेहरे उजळणार. हसू नका. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

प्रत्यक्षात निघाले रेकॉर्ड केलेले दोनशे बारा धडे, आणि प्रत्येक धड्याखाली आधीच ओळी होत्या. नुसतं बोलणं नव्हे, कंसात आवाजसुद्धा. [खडू मोडतो]. [बाहेर गाडी थांबते]. [बाई घसा खाकरतात]. माझ्या प्राध्यापकांनीही मान डोलावली असती, इतकं बारीक काम.

"हे कुणी केलं?" मी आत्याला विचारलं. माझी आत्या या निवासी शाळेची मुख्याध्यापिका.

"तुझ्या आधीच्या बाईंनी," हजेरीपटातून मान वर न करता ती म्हणाली. "गेल्या त्या सोडून."

शाळेतली सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे वायरकाका म्हणत. त्यांना विचारलं तर ते हसलेच. "त्या बाई? अहो ताई, त्यांना कॉम्प्युटर चालू करून द्यायलाही मी लागायचो. त्यांनी एवढं सगळं टाइप केलं असेल तर मी मिशी उतरवतो."

"मग कुणी केलं?"

"आत्याबाईंना विचारा की," म्हणत ते पक्कड शोधायला निघून गेले. पक्कड त्यांच्या हातातच होती.

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. मी दोघांवरही नजर ठेवायचं ठरवलं.

ओळी तपासायची आमची पद्धत अशी. आधी मी हेडफोन लावून धडा ऐकायचा आणि शब्द न् शब्द जुळतोय का ते पाहायचं. मग आवाज पूर्ण बंद करून एका मुलीला दाखवायचा. ओळ वाचून व्हायच्या आत गेली की तिने हात वर करायचा, आणि मी ती ओळ सुधारायची; मी सुधारलेल्या ओळींनाच तिचा हात जास्त वेळा वर जाई. या कामाला मी भिंगरीला निवडलं. नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी, एका जागी मिनिटभर न टिकणारी. माझ्या हातांची भाषा दूर देशातली, तिची इथली. मी पहिल्याच दिवशी तिचे आभार मानले, तर ती पोट धरून हसली. इथे त्या खुणेचा अर्थ होता, "मला वाढू नका, पोट भरलं."

शिकत शिकत मी तिला एक गोष्ट नीट सांगितली. मला जे ऐकू येईल, ते सगळं तुला वाचायला मिळेल. तुझ्या वतीने मी त्यातलं काही गाळणार नाही. हे माझं तत्त्व होतं, आणि ते मी फार अभिमानाने मिरवत असे.

पाचव्या दिवशी अपूर्णांकांच्या धड्यात एक ओळ आली.

[पलीकडच्या खोलीत कोणीतरी रडत आहे]

मी सहा वेळा ऐकलं. बाईंचा आवाज होता, पंख्याची घरघर होती. रडणं कुठेच नव्हतं.

आम्ही जिथे बसून ओळी तपासायचो, त्या व्हिडिओच्या खोलीतच हे जुने धडे रेकॉर्ड झाले होते. पलीकडची खोली म्हणजे आताची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना फोम, खिडकी बुजवलेली, आणि मधेच कुणी येऊ नये म्हणून जाड दाराला आतून कडी. आत गेलं की फोमचा आणि डिंकाचा ओलसर वास यायचा आणि स्वतःचा श्वास मोठा ऐकू यायचा.

"कोण रडतंय?" भिंगरीने हातांनी विचारलं.

"कुणी नाही. चूक आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझीच असावी.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला आली नाही. शोधत गेले तर रेकॉर्डिंगच्या खोलीत जमिनीवर बसलेली, तळवा फोमच्या भिंतीवर टेकवलेला. ऐकू न येणारी मुलं ढोलाचा ठेका अशीच हाताने घेतात.

"रडतेय," ती म्हणाली. "हाताला कळतं. एकटी आहे ती."

मी माझा तळवा टेकवला. गार फोम. बाकी काही नाही.

आत्याला सांगितलं, तेव्हा तिच्या हातातलं पेन थांबलं. "पुन्हा सुरू झालं का?"

"पुन्हा म्हणजे?"

"पुन्हा म्हणजे... पोरी जाऊन बसतात गं तिथे, गार असतं म्हणून." तिने पेनाला टोपण लावलं. "काढून टाक ती ओळ. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय, तुझी तत्त्वं नंतर."

खोटा आवाज गाळणं हे काही तत्त्वाविरुद्ध नव्हतं. मी ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी नद्यांच्या धड्यात, मी आदल्याच आठवड्यात तपासलेल्या जागी, नवी ओळ होती.

[ती शेजारी येऊन बसली. रडणं थांबलं.]

फाइल शेवटची बदलल्याची तारीख सात वर्षांपूर्वीची होती. भिंगरी शाळेत आली गेल्या वर्षी.

मला वायरकाकांचा संशय आला. त्यांचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. मी ती वायर उपटली, व्हिडिओच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"माझ्यावर पहारा का, ताई?" काकांनी किल्लीकडे बघत विचारलं.

"सगळ्यांवर, काका."

"बरं आहे. माझ्यावरही कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच होतं," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

त्याच दिवशी चारच्या हजेरीला भिंगरी नव्हती.

मी आणि काका आधी व्हिडिओच्या खोलीकडे धावलो, कारण ती मला शोधत तिथेच यायची. दारापाशी ती नव्हती, तरी मी कुलूप काढलं. खिडकीचे पडदे ओढलेले, आत कुणी नाही. कॉम्प्युटर मी बंद करून गेले होते. तो चालू होता. पडद्यावर नद्यांचा धडा थांबलेला आणि खाली एकच ओळ.

[आतून कडी लागते]

काकांनी ती माझ्याबरोबरच वाचली. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा त्यांच्यावरचा संशय तिथेच संपला.

रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार आतून बंद होतं. काकांनी खांदा लावला, लाथा घातल्या. फोमने सगळे आवाज गिळून टाकले. आणि आतल्या मुलीला ते ऐकू येणार तरी कसे?

"ताई... आतली हवा खेळती ठेवणारं मशीन परवापासून बंद आहे," काका धापा टाकत म्हणाले. "ती खोली म्हणजे डबा आहे, डबा!"

त्या खोलीत एक पडदा होता. धडा सांगताना शिक्षिका त्यावरचं लिखाण वाचत, आणि ते माझ्या कॉम्प्युटरवरून जाई. मी पळत परत गेले आणि टाइप केलं, "भिंगरी, दार उघड. मी बाहेर उभी आहे." एकदा, दोनदा, दहादा. मग दारापाशी येऊन उभी राहिले. किती वेळ गेला, सांगता येत नाही. काका काहीतरी पुटपुटत होते...

कडी सरकली.

ती बाहेर आली, घामाने निथळत, ओठ पांढरे पडलेले. काकांनी तिला उचलून अंगणात नेलं. पाणी प्यायल्यावर तिने हात हलवले.

"दोन ओळी होत्या. एक म्हणत होती, उघड. दुसरी म्हणत होती, बाहेर कुणी नाही, बस माझ्याजवळ."

"मग उघडलंस कसं?"

"पहिली ओळ वाचून व्हायच्या आत गेली. तुझ्याच ओळी तशा जातात."

"काय म्हणतेय ती?" काकांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी काकांनी ती कडी स्क्रूसकट काढली. आत्या दारात उभी होती. काढलेल्या कडीकडे बघत म्हणाली, "त्या बाईंना मी काढलं होतं. अशाच ओळी निघाल्या होत्या. त्या रडून सांगत होत्या, मी एकही ओळ लिहिली नाही... मला वाटलं, स्वतःची चूक लपवतायत."

"आणि मला काय सांगितलंस?"

"तू परत आली होतीस गं," ती म्हणाली. "एवढ्या उमेदीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनशे बारा धड्यांच्या सगळ्या ओळी पुसल्या. परीक्षेच्या आत सगळं नव्याने लिहायचं, माझ्या कानांनी ऐकून, माझ्या हातांनी. पहिला धडा झाडांच्या मुळांचा होता. त्यात कंसातली वावगी ओळ कधीच नव्हती. मी हेडफोन लावले.

तिसऱ्या मिनिटाला बाई फळ्याकडे वळतात, तिथे मला रडणं ऐकू आलं. लांबून, दाबलेलं, दमलेलं. आणि त्याच्या जवळच दुसरा एक आवाज होता. त्याला शब्द नव्हते, नुसते चढउतार होते. स्वतःचा आवाज कधीच न ऐकलेलं मूल कुणाची तरी समजूत काढताना काढेल तसा, भिंगरीएवढ्या मुलीचा. मी धडा मागे घेऊन पुन्हा ऐकला. दोन्ही आवाज तिथेच होते. सात वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये.

दाराबाहेर भिंगरी येऊन उभी होती, पहिला धडा कधी वाचायला मिळतो याची वाट बघत.

बाई फळ्याकडे वळतात ती जागा मी कोरी सोडली, आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.