कोब्याखालचा माग

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मारोतराव वसाहतीकडे निघाले ते फक्त कमान बघायला. सकाळी मंत्रिसाहेब येणार होते. नाव नीट लिहिलंय का, पाण्याचे रांजण भरलेत का, एवढं बघून परतायचं होतं. रिक्षावाल्याला त्यांनी थांबवूनच ठेवलं.

वैशाख होता. दिवस मावळला तरी डांबर पायाखाली मऊ लागत होतं. रस्त्याच्या एका अंगाला चुन्यानं पांढरी केलेली नवी तीन मजली इमारत, दुसऱ्या अंगाला टिनाच्या शेडांची रांग. इमारतीच्या जागी पूर्वी कोष्ट्यांची वस्ती होती. मारोतराव त्याच वस्तीत जन्मले, तरुणपणी बापाच्या मागावरही बसले. पुढे राजकारणात गेले, वॉर्डातून निवडून आले. पक्की घरं आणि झेपेल एवढं भाडं, हा त्यांचा शब्द होता. त्या शब्दावर लोकांनी वस्ती मोकळी करून दिली आणि टिनाखाली जाऊन बसले. दोन उन्हाळे गेले. हा तिसरा.

चौकीदार धोंडबा इमारतीच्या दारात नव्हता. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बिडी ओढत होता.

"काय गा धोंडबा, पगार इमारतीचा घेतो अन् राखण झाडाची करतो?"

धोंडबा उठला, पण हसला नाही. "आत कोणी तरी विणून राहिलं, साहेब."

"कुलपं लावली नाहीत का?"

"लावली हायेत. मीच लावली. पण मी काही आत जात नाही. तुमी कोष्टी माणूस, तुमीच पाहा."

मारोतरावांना राग आला. कुणीतरी मागच्या बाजूनं घुसून माग मांडला असणार. कोष्ट्याला कुठेही राहायला पाठवा, तो आधी जमिनीत खड्डा करतो. पाय खाली सोडून बसल्याशिवाय त्याचा माग चालत नाही. नवाकोरा कोबा फोडला असेल, आणि उद्या मंत्री येणार!

किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते आत शिरले. अजून उजेड होता, पण तो भिंतींना चिकटल्यासारखा, मधल्या वाटेवर उतरत नव्हता. ओल्या चुन्याचा वास येत होता. आणि त्या वासाखाली आणखी एक, आंबूस... सुताला लावायच्या खळीचा. मग आवाज आला.

खट्... खटाक्. खट्... खटाक्.

तळमजल्यावरच्या शेवटच्या गाळ्यातून येत होता. कुलूप जागेवर होतं. त्यांनी ते काढलं, दार ढकललं.

खोली रिकामी होती. कोबा करडा, गुळगुळीत, कुठे तडा नाही. आवाज थांबला होता.

"कोण आहे?"

धागा तुटला की विणकर थांबतो, वाकून टोक शोधतो, गाठ मारतो. तेवढाच वेळ गेला. आणि मग पुन्हा, खट्... खटाक्. खालून. कोब्याच्या खालून.

मारोतरावांनी हातातल्या छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. दारापाशी भरीव आवाज आला. खिडकीखाली भिंतीला लागून आपटलं, तिथे पोकळ आला. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही, आणि नवल वाटलं नाही याचीच भीती वाटली.

वस्तीतला प्रत्येक माग उजेडासाठी एका रांगेत, दक्षिणेच्या भिंतीला लागून असे. सगळे खड्डे त्या एका रेषेत. इमारतीची मोठी भिंतही नेमकी त्याच रेषेवर उठणार होती. खड्ड्यांत मुरूम भरायचा, धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं, एक पावसाळा पाणी मुरू द्यायचं, असं ठरलं होतं. पण निवडणूक पावसाळ्याच्या आधी येत होती. ठेकेदारानं विचारलं तेव्हा मारोतराव म्हणाले होते, "वरून दगड-माती ढकला अन् चालू द्या काम." त्यांनीच म्हटलं होतं. जागेवर उभं राहून.

"मारोती हाय का गा आत?"

दारात रुख्माबाई उभी होती. टिनाच्या शेडमध्ये राहणारी जुनी शेजारीण, त्यांच्या आईच्या वयाची. हातात झाडू आणि रांगोळीचा डबा. उद्या आपल्याला गाळा मिळणार म्हणून उंबरठा झाडायला आली होती.

"काकू, उद्या या. आता..."

तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं. ती ऐकत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, ओळख होती.

"आमच्या ह्यायचा हात हाय," ती हळूच म्हणाली. "पाहा, तिसऱ्या ठोक्याले अडकते. उजवा पाय अधू होता न."

तिचा नवरा बळीराम. गेल्या वैशाखात टिनाखाली लू लागून गेला. शेवटपर्यंत विचारत होता, घर कधी होते गा, मारोती?

"काहीतरीच काकू. पाइपात हवा शिरली असेल."

"कोष्ट्याच्या पोट्ट्यानं कोष्टिणीले मागाचा आवाज शिकवू नोको." ती खाली बसली. तळहात कोब्यावर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "हे जिते असताना कोणावर रागावले नाही. आता काहून बसले असतील इथी?"

मारोतरावांनी छत्रीचं टोक कोब्यावरून उचलून घेतलं.

"सून पोटुशी हाय. दिवस भरत आले. टिनात बाळंतपण केलं तं लेकरू भाजून निघन. म्हणून विचारते. घर पक्कं हाय न? तू हो म्हण, मी डोळे मिटून आणते तिले."

"सकाळी सांगतो, काकू."

"मंत्र्याले विचारून?" ती उठली. झाडू कोपऱ्यात टेकवून निघून गेली. खालचा आवाज मात्र थांबला नाही.

त्या रात्री मारोतरावांना झोप लागली नाही. भिंत पोकळ खड्ड्यांवर उभी आहे हे खरं सांगितलं तर लोक पुन्हा टिनाखाली, आणि आपण संपलो. नाही सांगितलं तर... पहाटे त्यांनी मधला मार्ग काढला. तळमजला दुरुस्तीसाठी बंद. किल्ल्या फक्त वरच्या दोन मजल्यांच्या. रुख्माबाईला दुसरा मजला. तिथे जमीनच नाही, तर खड्डा कुठला? एवढा विचार करून त्यांना बरं वाटलं. भिंत खालपासून वरपर्यंत एकच होती, हे त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

सकाळी हार झाले, भाषणं झाली. रुख्माबाई किल्ली घ्यायला मंचावर आली. मागे सून, एक हात कमरेवर. म्हातारीनं किल्ली घेतली आणि तिथेच उभी राहिली. माइक तिच्या तोंडासमोर होता.

"मारोती, रात्री विचारलं ते सांगतलं नाही. पक्कं हाय न?"

मंत्रिसाहेब हसले. लोक हसले. सगळे मारोतरावांकडे बघत होते.

"पक्कं आहे, काकू."

टाळ्या वाजल्या. सासू-सुना आत गेल्या.

थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत रुख्माबाई दिसली. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त बोटानं बोलावलं. मारोतराव मंच सोडून जिना चढले.

सून दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती. खिडकीखाली कोब्यात मागाचा खड्डा होता. कमरेएवढा, कदाचित जास्त, तळ दिसत नव्हता. काठ नवे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसून झिजावेत तसे झिजलेले.

"धोंडबा!" त्यांनी जिन्यातून हाक मारली. "याच्या खालचा, पहिल्या मजल्यावरचा गाळा उघड. छताला भोक पडलंय का बघ."

बराच वेळ गेला. मग खालून आवाज आला, "छत साबूत हाय साहेब. चुन्याले डागसुद्धा नाही."

रुख्माबाईनं पदर सावरला, सुनेचा हात धरला. "आमी टिनातच जातो," ती म्हणाली. "हे घर तुह्यासाठी हाय, मारोती. ह्यायनं जागा करून ठेवली."

दोघींची पावलं जिन्यावरून उतरत गेली. बाहेर अजून बँड वाजत होता. मारोतराव वाकले. खड्ड्याच्या काठावर ओली बोटं उमटली होती, चार इकडे, चार तिकडे, आतून कुणी काठ धरून वर यायला बघावं तशी. खिडकीतून वैशाखाचं ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं, आणि ती वाळत नव्हती.