वीस जानेवारीची दुपार

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण वेंडेल प्रॅदर थापा मारणाऱ्यातला नाही. आमच्याच गल्लीत राहतो, वॉशिंग्टनला. उभा जन्म व्हाइट हाउसात गेला, राष्ट्राध्यक्षांचे कपडे सांभाळण्यात. ही कुठल्या साहेबांची गोष्ट, ते मात्र मेला तरी सांगणार नाही.

वीस जानेवारी. भर दुपार.

त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बदलतात, तिथे नुसती धांदल असते. जुने साहेब सकाळी निघतात, नवे तीनच्या सुमारास येतात. तेवढ्यात एक संसार बाहेर आणि दुसरा आत. नव्यांचा दात घासायचा ब्रशसुद्धा जागेवर हवा.

जुने साहेब निवडणूक हरले होते. फार जिव्हारी लागलं होतं. निघताना पलंगाच्या डाव्या कोपऱ्यावर बसले ते उठेचनात. वेंडेलनेच हाताला धरून उठवलं.

झोपायची खोली वेंडेलकडे होती. निवृत्तीला दोन महिने उरलेले. शेवटच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा नको, एवढंच त्याच्या मनात.

नवी गादी. नवी चादर. एक सुरकुती नाही.

तो उशा घ्यायला वळला...

डाव्या कोपऱ्यावर खळगा पडला होता. कुणी बसल्यासारखा.

त्याने चादर ताणली.

पुन्हा खळगा...

आणि घसा खाकरल्याचा आवाज. चार वर्षं रोज सकाळी ऐकलेला.

तेवढ्यात कॉर्लिस बाई दारात आल्या. घरचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "वेंडेल, जुने साहेब गेले," त्या हळूच म्हणाल्या. "विमानातच प्राण गेला. आत्ताच फोन आला."

नवी मंडळी लवकर पोचताहेत, असंही सांगून त्या घाईने गेल्या.

आता नव्या बाईसाहेब याच पलंगावर बसणार! पण खरं सांगायचं तर वेंडेलला भीतीपेक्षा कीव आली. त्याने दार लोटलं.

"साहेब, मुदत संपली तुमची. उठा आता."

काहीच हाललं नाही...

"चला, मी येतो दारापर्यंत."

चादर सावकाश सपाट झाली.

वेंडेल पुढे निघाला. मागून पावलं वाजत होती. नोकरांच्या जिन्यावर... मागच्या दाराशी... वेंडेलने दार उघडून धरलं. आणि तिथेच घात झाला. तीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"काही लागलं तर हाक मारा, साहेब."

बोलून गेला आणि जीभ चावली.

नव्या मंडळींना खोली आवडली. वेंडेलचं कौतुकही झालं.

याला नऊ वर्षं झाली. परवा रविवारी मी त्याच्याकडे जेवायला होतो. मक्याचा पाव, तळलेली कोंबडी, गप्पा रंगलेल्या. बोलता बोलता वेंडेलने कान टवकारले... अर्ध्या जेवणातून उठला, कोट चढवला, मुकाट्याने वर गेला.

वर तर कुणीच राहत नाही.

मी त्याच्या बायकोकडे, जिनीवाकडे पाहिलं. तिने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. अंगवळणी पडलं होतं तिच्या.

"दिवसातून सहा-सात वेळा," ती म्हणाली. "तिथे निदान चार वर्षांनी साहेब बदलायचे."

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. पण त्यानंतर मी त्या घरी जेवायला गेलेलो नाही.