टोकन ठीक!

"मॅडम, भारत-जपान मैत्रीला तडा गेलाय!"

रंगनाथ चांदवडकर फोनवर रडायचेच काय ते बाकी होते. उपनिरीक्षक संजना पगारेने चहाचा घोट गिळला आणि नेमकं काय गेलंय, असं विचारलं. 'टोकन' म्हणतात ती एक पितळी चकती गेली होती.

इंदिरानगरच्या सभागृहात 'आगगाडीप्रेमी मंडळा'चं प्रदर्शन भरलं होतं. विषय होता जपानच्या डोंगराळ भागातली हिनोकावा नावाची छोटी रेल्वेलाइन. आपल्याकडे सिटीबस वेळेवर येत नाही याची खंत नसलेली ही मंडळी जपानची गाडी किती वेळेवर येते, हे सांगताना गहिवरून जायची. अध्यक्ष चांदवडकर एकदा कंपनीच्या कामासाठी जपानला जाऊन आले होते. तेव्हापासून ते जेवायला बसतानासुद्धा कमरेत वाकत.

संजना सभागृहावर पोचली तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर रात्रीचा वॉचमन भिकन बसला होता. सकाळीच, तिला फोन करायच्या आधी, चांदवडकर गस्तीवरची पोलीस व्हॅन घेऊन त्याच्या दारात गेले होते आणि "चोर, बाहेर ये!" असं ओरडून त्यांनी त्याला उचलून आणलं होतं.

"मॅडम, त्या पेटीला मी हात बी लावला नाय," भिकन म्हणाला. "आता ही नोकरी जाईल. दुसरीकडं चोराला कोण ठेवतंय?"

संजना आत गेली. काचेच्या पेटीत नुसती मखमल उरली होती. कुलूप शाबूत होतं, किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर.

"काय होतं हे टोकन?"

"एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला स्टेशनमास्तर ही चकती देई," चांदवडकर सांगू लागले. "चकती हातात नाही, तर गाडी पुढे नाही! लाकूड वाहायला काढलेली ही लाइन पुढे शाळा-ऑफिसला जाणाऱ्यांची झाली. बंद पडायला आली, तेव्हा गावकऱ्यांनी विनाकारण तिकिटं काढून ती जगवली. त्या लाइनच्या मॅनेजरने स्वतःच्या हातांनी मला हे टोकन दिलं होतं."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल, सभागृह बंद करताना. मी, सचिव आणि खजिनदार, तिघांनीही. नंतर आत फक्त भिकन."

"नक्की पाहिलंत?"

सचिव योगिनीबाईंना राग आला. "मॅडम, आम्ही जपानी पद्धतीने बंद करतो. पांढरे हातमोजे घालून एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ठीक! तिकडचे रेल्वेवाले असंच करतात. चूक होणं शक्यच नाही."

"उगाच का जपान पुढे गेलं?" खजिनदार सोमनाथने पुस्ती जोडली. हे गृहस्थ मूळचे मनमाडचे. एवढं मोठं जंक्शन घराशेजारी असताना यांना प्रेम जडलं ते कधीही न पाहिलेल्या हिनोकावावर.

"मग मलाही दाखवा ना," संजना म्हणाली. "घाला हातमोजे."

तिघं हातमोजे आणायला आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात संजनाने प्रदर्शनावरून एक फेरी मारली. भिंतीवर हिनोकावाच्या संग्रहालयाने पाठवलेले जुने फोटो होते. एका फोटोत स्टेशनमास्तर ड्रायव्हरला टोकन देत होता. खाली लिहिलं होतं की शेजारच्या टप्प्याची चकती चुकून हातात पडू नये म्हणून दोन स्टेशनांमधल्या प्रत्येक टप्प्याच्या चकतीच्या मधलं भोक वेगळ्या आकाराचं असे. फोटोतलं भोक चौकोनी होतं. टेबलावरच्या निमंत्रणपत्रिकेवर चांदवडकरांच्या टोकनाचा मोठा फोटो छापला होता. चकतीवर कोरलेला टप्पा तोच. भोक मात्र गोल.

तिने पत्रिका खिशात घातली. हिनोकावावर आयुष्यभर गाडी चालवलेले एक निवृत्त जपानी ड्रायव्हर आज दुपारी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, तेही त्या पत्रिकेत होतं. मग तिने स्टँडवरची स्टेशनमास्तरची टोपी उचलून टेबलाखाली ठेवली.

तिघं येऊन ओळीने उभे राहिले. छाती पुढे, बोट पुढे.

"दार ठीक! दिवे ठीक! टोपी ठीक!"

"वा," संजना म्हणाली. "टोपी कुठंय?"

तिघांचीही बोटं रिकाम्या स्टँडकडे रोखलेली होती. सोमनाथने हळूच हात खाली घेतला.

"तिकडची माणसं बोट दाखवतात ती बघायची आठवण राहावी म्हणून. तुम्ही बोट दाखवता आणि बघत नाही. जपानहून हातमोजे तेवढे आणलेत, डोळे आणायचे राहिले. म्हणजे काल बंद करताना टोकन होतं, याला पुरावा काय? काही नाही. ते दिवसाउजेडी गेलेलं असू शकतं, भिकन कामावर यायच्या आधी. कालचा व्हिडिओ आहे?"

असणारच. त्याशिवाय या मंडळींच्या घशाखाली घास उतरत नसे. योगिनीबाई पेटीमागे मोबाइल उभा करून रोजचा व्हिडिओ ग्रुपवर टाकत. संजनाने तो लावला. पेटी त्यात येत नव्हती, तिघांचे चेहरे तेवढे दिसत होते. "टोकन ठीक!" म्हणताना योगिनीबाई आणि सोमनाथ कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. चांदवडकरांची नजर मात्र खाली पेटीकडे गेली, क्षणभर तिथेच थांबली आणि मग ते सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

"आत्ता टोपीच्या वेळी तुम्हीही बघितलं नाहीत, चांदवडकर. सवयच नाही. काल मात्र बघितलंत. या दोघांनी न बघता ठीक म्हटलं, ते मूर्ख. तुम्ही रिकामी पेटी बघून ठीक म्हटलंत."

"हा आरोप आहे! माझंच टोकन मी कशाला चोरीन?"

संजनाने पत्रिका काढून भिंतीवरच्या फोटोशेजारी धरली.

"कारण ते हिनोकावाचं नाहीच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एरवी कुणाला काय कळणार होतं? पण हे फोटो आले आणि पाहुणे यायचं ठरलं. ज्या माणसाने आयुष्यभर ती चकती हाताळली, त्याला भोकाचा आकार कळला नसता? तेव्हा चोरी झालेली बरी. खोटेपणा झाकला जाईल आणि वर सहानुभूती मिळेल. चोर म्हणून वॉचमन तयारच होता. त्याच्यावर संशय घेताना तुम्हाला कुणी कारणही विचारलं नसतं. गाडीची डिकी उघडता?"

चांदवडकरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून दिली. डिकीत स्टेपनीखाली, टॉवेलात गुंडाळलेली चकती निघाली.

"भांडी बाजारातून करून घेतली होती," ते पुटपुटले. "लोक एवढ्या कौतुकाने विचारायचे... मॅडम, पाहुणे येतायत. आपसात मिटवू. भिकनला शाल-श्रीफळ देतो, भर कार्यक्रमात."

भिकन दारात येऊन उभा होता.

"शाल नको सायेब. सकाळी व्हॅन आली तवा माझी साक्षी कॉलेजला निघाली व्हती. सगळी कॉलनी बघत व्हती. ती तशीच घरात गेली, अजून भायेर आली नाय. तिला येऊन सांगा."

"संध्याकाळी येतो ना, कार्यक्रम झाला की—"

"आत्ता," संजना म्हणाली. "पाहुण्यांना योगिनीबाई बघतील. व्हॅनमध्ये बसा. मागे. भिकनदादा, तुम्ही पुढे. तक्रार खोटी दिलीत, त्याचं स्टेशनला गेल्यावर बघू."

व्हॅन पुन्हा कॉलनीत शिरली तशी दारं उघडली. या वेळी मागच्या दारातून चांदवडकर उतरले. एका हातात अजून पांढरा हातमोजा होता. साक्षी उंबऱ्याशी आली. डोळे सुजलेले होते.

चांदवडकर तिच्यासमोर वाकले आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं, सायेब," भिकन म्हणाला. "सकाळी चोर मोठ्यानं म्हनला व्हता."

चांदवडकरांनी आवाज चढवला.

"तुझे वडील चोर नाहीत. चोरी मी केली."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं. साक्षीने वडिलांचा हात धरला आणि त्यांना घरात नेलं.