गुरो स्क्रेडेची पहिली वही

गुरो स्क्रेडे गेली त्याच्या पुढच्या मे महिन्यात, म्हणजे १९५४ साली, तिची मुलगी बेरिट मिनेसोटातल्या आपल्या शेतावरून निघून गावात सिग्ने होल्मच्या दारात येऊन उभी राहिली. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, हात कामानं लाल झालेले.

सिग्नेबाई हरवलेल्या कालवडींपासून खोट्या मृत्युपत्रांपर्यंत सगळ्याचा छडा लावत. त्यांचा दीर अर्विड गाडी चालवायचा आणि दरवेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

“आईची वही चोरीला गेली,” बेरिट म्हणाली. “पेटीत अकरा होत्या. नेमकी पहिली नाहीये.”

“काय होतं तिच्यात?”

“मी होते.”

मग ती भडाभडा बोलली. आईनं तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. आयुष्यभर ‘अगं मुली’ एवढीच हाक. आई गेल्यावर तिनं पेटी उघडली. जुनं नॉर्वेजियन अक्षर अडखळत वाचावं लागे, म्हणून ती रोज एकच पान वाचायची.

“पानापानावर माझं नाव, बाई! मळणीचे गडी जेवायला बसले होते, आणि बेरिट टेबलाचा पाय सोडून पहिल्यांदा चालली. बेरिटला लाल हातमोजे विणले. बेरिट झोपेत हसते. मला वाटायचं, आईला मी नकोच होते. निम्मी वही वाचायची राहिली हो.”

“साल लिहिलंय?”

“नाही. वार आणि महिना, बस.”

“आणि तुमच्या थोरल्या भावाबद्दल काय लिहिलंय?”

“टोरवालबद्दल? एक अक्षर नाही.” बेरिट लहान मुलीसारखी लाजली. “सगळं माझंच.”

वाटेत अर्विडची कुरकुर चालू होती. सुनेनं नातवाला रेडिओवरच्या कुणा नटाचं नाव ठेवलं होतं. “आपल्यात गेलेल्याचं नाव ठेवतात. आमचा काका नदीत बुडाला, त्यानंतर घरात पहिला मुलगा मी. म्हणून अर्विड.”

“आजीला आनंद झाला असेल.”

“कसला आनंद! मला बघितलं की डोळे पुसायची.”

आधी ते जिल्ह्याच्या संग्रहालयात डनिंगसाहेबांना भेटले. ते पेटी बघून गेले होते. “अख्खी पेटी मलाच मिळणार आहे,” ते वैतागून म्हणाले. “एक वही चोरून काय करू? मला त्यातलं अक्षरही लागत नाही.”

शेतावर टोरवालची बायको लोइस हिनं कॉफी दिली. इतकी पातळ की कपाचा तळ दिसत होता.

“तुम्हाला नॉर्वेजियन वाचता येतं?” सिग्नेबाईंनी विचारलं.

“वाचता? तीस वर्षं झाली, या घरातले विनोद मला सगळ्यांचं हसून झाल्यावर कळतात.” लोइसनं हात पुसले. “सासूबाईंचं माझं पटत नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण बेरिट हिवाळाभर पावाचं पीठ मळताना गुणगुणत होती. ते मी कशाला बंद पाडू?”

“टोरवाल कुठे आहेत?”

“दफनभूमीत. दर मे महिन्यात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन जातो. सासूबाईंनीच लावून दिलंय. आम्हाला कधी नेत नाही.”

“सासूबाईंच्या थडग्याला रंग?”

“छे, त्यांचा दगड ग्रॅनाइटचा. त्याला कशाला रंग!”

टोरवाल आला तेव्हा त्याची नखं पांढरी होती. “वही? उंदरांनी नेली असेल.”

“बरे वाचणारे उंदीर आहेत. तुम्हाला येतं ते अक्षर?”

“आईनंच शिकवलं,” म्हणत तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

“लोइसच!” अंगणात अर्विड कुजबुजला. “अशी कॉफी देणारी बाई काहीही करू शकते.”

“अर्विड, तुमच्या आजीचा तरी विचार करा,” असं म्हणून सिग्नेबाई आत वळल्या. अर्विडला काहीच कळलं नाही.

स्वयंपाकघरात त्यांनी सगळ्यांना बसवलं. “टोरवाल, तुम्ही सांगता की मी सांगू?”

“बाई, जाऊ द्या ना. तुमची फी मी देतो.”

“सांगा,” बेरिट म्हणाली.

“अकरा वह्यांतली हवी ती उचलायची तर अक्षर वाचता यायला हवं. म्हणजे डनिंगसाहेब आणि लोइस सुटले. टोरवालनी का घेतली, एवढाच प्रश्न होता.” सिग्नेबाईंनी खुर्ची बेरिटजवळ ओढली. “तुम्ही जन्मलात तेव्हा टोरवाल पाच वर्षांचा होता. पाच वर्षांचं पोर पडतं, तापानं फणफणतं, कोंबड्या सोडून देतं. आई निम्मी वही भरते आणि त्याच्यावर एक ओळ लिहीत नाही? तो वहीत नाही, कारण तो अजून जन्मलाच नव्हता.”

“मग ती बेरिट कोण?” अर्विडच्या तोंडून निघून गेलं.

“या घरातली पहिली मुलगी. ती गेली. नंतर टोरवाल झाला, आणि पुढच्या मुलीला रीतीप्रमाणे गेलेल्या मुलीचं नाव ठेवलं. आईला ते नाव तोंडी घेववलं नाही, म्हणून ‘अगं मुली’. टोरवाल रंग लावून येतात ते त्या लहान मुलीच्या थडग्यावर.”

अर्विडनं कप खाली ठेवला. त्याला आजीचे ओले डोळेच तेवढे दिसत होते.

“तू गुणगुणायला लागली होतीस,” टोरवाल बहिणीकडे न बघता म्हणाला. “आणखी थोडी पानं, की तुला कळलंच असतं. वाटलं, निम्मी वही तरी तुझी राहू दे.”

“घेऊन ये.”

मक्याच्या बियाण्याच्या पिंपातून त्यानं मेणकापडात गुंडाळलेली वही आणली. बेरिटनं शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं. ‘बेरिटचा घसा बसला आहे. पाणी गिळत नाही.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीचं: ‘आज वारा नाही.’ पुढची पानं कोरी होती.

लोइस तोंड फिरवून रडू लागली. बेरिट रडली नाही.

“आई तेव्हा केवढी होती रे?”

“एकवीस वर्षांची.”

“एकवीस,” बेरिट म्हणाली. “शेजारपाजार?”

“हिवाळ्यात कोण येणार? बाबा सरपणाला जायचे. ती एकटीच असायची.”

“पोरच होती की रे ती.” बेरिटनं तळहातानं पान सपाट केलं, ज्वरात निजलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवत राहिली. “कुणी तरी तिला जवळ घ्यायला हवं होतं.”

पहिली बेरिट स्क्रेडे मार्च १८९० मध्ये घटसर्पानं गेली, तेव्हा ती अडीच वर्षांची होती. दुसरी बेरिट नोव्हेंबर १९६६ मध्ये, त्याच घरात गेली.