शंभर मीटर चुकलेलं घर

“मी तुमच्या दारात पोहोचले आहे,” रुग्णवाहिका फोनवरून म्हणाली.

शाल्मलीनं धावत जाऊन दार उघडलं. दारात कुणीच नव्हतं. दुपारचे तीन वाजलेले, शेजारपाजारचे सगळे कामावर, आई परगावी. गल्ली सुनसान होती.

“कुठे आहेस? इथे नाहीयेस तू!” ती ओरडली.

आत आजोबांच्या छातीला टेकून तिचा पाच वर्षांचा भाऊ निषाद बसला होता. दहा मिनिटांपूर्वी त्याला गांधीलमाशी चावली होती. आता त्याचे ओठ टम्म सुजले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून शिट्टी वाजत होती. त्याला लागणारं इंजेक्शन होतं त्या बिनचालकाच्या गाडीत, तिच्यातल्या यंत्रपरिचराकडे (रुग्णांवर उपचार करणाऱ्या रोबोकडे).

शाल्मली धडाधड गच्चीवर चढली. गाडी दिसली, पण भलत्याच ठिकाणी. दगडाच्या जुन्या खाणीपलीकडे, कुंपणाला नाक लावून गाडी उभी होती. मधे पाण्यानं भरलेली खोल खाण. वळसा घालून जायचं तर दीड किलोमीटर. निषादला उचलून तेवढं पळणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि आजोबांना तर काठीशिवाय चालवत नव्हतं.

“माझा फोन जिथे आहे तिथे ये ना!” जिना उतरता उतरता ती म्हणाली.

“माझ्या नकाशात तिथे पाण्याची टाकी आहे. टाकीवर गाडी नेता येत नाही.”

“अगं, टाकी आमच्या घरामागे आहे, लांब!”

आजोबांनी झटकन मान वर केली. त्यांनी तीस वर्षं नगरपालिकेत रस्ते मोजले होते. “कुणाचा नकाशा वापरतेस गं?”

“नगरपालिकेचा गल्ल्यांचा नकाशा. तो कालच सर्वांसाठी खुला झाला. त्याचं उपग्रहाच्या निर्देशांकांत (जागा नेमकी सांगणाऱ्या आकड्यांत) रूपांतर केलेलं आहे.”

“दगड,” आजोबा पुटपुटले.

“कसला दगड?”

“अख्खं शहर आम्ही एका दगडापासून मोजलं, शालू. तो आमचा आरंभबिंदू (जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागा). त्याच्यापासून अमुक मीटर पूर्वेला, तमुक मीटर उत्तरेला, असं प्रत्येक घर लिहायचं. पुढे नवी कचेरी झाली. दगड टाकून द्यायला कुणाचं मन होईना. मग हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तो नव्या फाटकापाशी नेऊन बसवला. मोजणी मात्र जुन्या जागेपासूनचीच राहिली. आम्हा सगळ्यांना ते तोंडपाठ होतं, म्हणून कुणी लिहूनच ठेवलं नाही. मीसुद्धा नाही.”

“आणि रूपांतर करणाऱ्यांनी दगड आज आहे तिथून मोजलं!” शाल्मली म्हणाली. “मग दगड किती हलला होता?”

“शंभरेक मीटर... कुठल्या अंगाला ते आठवतच नाहीये गं.”

निषादची शिट्टी बारीक झाली होती. आत हवाच कमी जात होती; ते जास्त भयंकर होतं.

शाल्मलीनं फोनवर उपग्रहाचं छायाचित्र उघडलं. त्यावर तिचा ठिपका होता आणि गाडीचाही. तिनं अंतर मोजलं. “गाडी आपल्यापासून ऐंशी मीटर पूर्वेला आणि साठ मीटर उत्तरेला आहे. सांगू तिला?”

“थांब! एकाच जागेवर भरवसा ठेवू नकोस. नकाशा नुसता सरकला असेल तर सगळ्या जागा सारख्याच सरकतील. पण तो फिरला किंवा ताणला गेला असेल, तर दुसऱ्या जागेचं उत्तर वेगळं येईल.”

“टाकी! गाडीच्या नकाशात टाकी आपल्या घरावर आहे.” तिनं छायाचित्रात खऱ्या टाकीपासून घरापर्यंत मोजलं. ऐंशी पूर्वेला. साठ उत्तरेला. “सारखंच आलं, आजोबा!”

“म्हणजे नुसताच सरकलाय. सांग तिला.”

तिनं आकडे सांगितले.

“हे आकडे मिळवू की वजा करू?” गाडीनं विचारलं.

शाल्मली उत्तर देता देता थांबली. उलटं सांगितलं तर गाडी आणखी शंभर मीटर लांब जाणार. ‘नकाशानं सगळं पूर्वेला आणि उत्तरेला ढकललंय,’ तिनं मनाशी म्हटलं. ‘परत आणायचं तर पश्चिमेला आणि दक्षिणेला.’

“वजा कर! दोन्ही!”

गाडीचा ठिपका मागे सरला, वळला आणि खाणीला वळसा घालू लागला. शाल्मली निषादचे श्वास मोजत राहिली. सत्तावन्न... अठ्ठावन्न... मग बराच वेळ एकोणसाठावा येईना.

तो आला, तेव्हाच दारात ब्रेक वाजला.

यंत्रपरिचरानं निषादच्या मांडीत सुई टोचली, नाकावर प्राणवायूचा मुखवटा धरला. काही मिनिटांनी निषादनं मुखवटा बाजूला केला. “त्या माशीला पण टोच,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मोठ्ठं!” आजोबांना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही.

त्याला गाडीत निजवल्यावर गाडी म्हणाली, “आम्ही चौदा गाड्या हाच नकाशा वापरतो. दुरुस्ती माझ्यापुरती ठेवू की सर्वांना देऊ? सर्वांना द्यायची तर कारण आणि नाव लागेल.”

“सर्वांना,” आजोबा म्हणाले. “लिही शालू. ‘आरंभबिंदूचा दगड नव्या फाटकापाशी हलवला आहे. मोजणी जुन्या जागेपासूनची आहे. ही नोंद करायची राहिली. सदानंद खोत, निवृत्त भूमापक.’”

“नाव कशाला, आजोबा? लोक तुम्हाला बोल लावतील.”

“लावू देत. पण नाव असलं की पुढच्याला विचारायला माणूस सापडतो.”

शाल्मलीनं मजकूर पाठवला. गाडीतल्या पडद्यावर शहराच्या साऱ्या गल्ल्या हलकेच सरकल्या आणि छायाचित्रातल्या रस्त्यांवर चपखल बसल्या. तिथे तीन गाड्यांचे ठिपके मधेच थिजलेले होते. म्हणजे आणखी तीन घरांत कुणीतरी दार उघडून बघत असणार. पहिला ठिपका हलला. मग दुसरा. तिसरा जागचा हलेना. शाल्मलीनं निषादचा हात घट्ट धरला आणि श्वास रोखून बघत राहिली.

तिसरा ठिपकाही वळला.